दोन लढतींमधले दिवस

पहिलं पदक गळ्यात पडलं तेव्हा माझ्या नावावर जिंकलेली लढत एकही नव्हती. आमच्या बॉक्सिंगमध्ये हे होतं. उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघींनाही कांस्यपदक देतात, तिसऱ्या क्रमांकासाठी वेगळी लढत नसते. माझ्या 57 किलोच्या गटात त्या वेळी चौघींनीच नावं दिली होती, त्यामुळे वजनकाट्यावरून उतरले तेव्हाच माझं पदक नक्की झालं होतं. दुसऱ्या दिवशी तीन-तीन मिनिटांचे तीन राउंड मार खाल्ला, हरले आणि पदक घेऊन आले. ओळखीच्यांनी कौतुक केलं. मी ते बॅगेच्या तळाशी हातपट्ट्यांखाली टाकलं. बरेच महिने ते तिथेच होतं.

तोवर बॉक्सिंग सुरू करून 14 महिने झाले होते आणि लढती झाल्या होत्या दोन. मुलींचं हे जुनं दुखणं आहे. गटात मुळात नावं कमी, त्यात कुणी वजनात बसत नाही, कुणाचा अंगठा दुखावलेला असतो. मग कधी बाय, म्हणजे न लढताच पुढची फेरी, कधी वॉकओव्हर, म्हणजे समोरची आलीच नाही म्हणून विजय. पट्ट्या बांधायच्या, अंग गरम करायचं, रिंगमध्ये चढायचं आणि रेफरीकडून नुसता हात वर करून घ्यायचा. आमच्या जिममधल्या एकीच्या नावावर असे दोन विजय आहेत. ती स्वतः ते मोजत नाही, पण कागदावर आहेत.

त्या नऊ मिनिटांबद्दल आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिथूनच निघालं. तालमीत मी काही अगदी कच्ची नव्हते. आमचे प्रशिक्षक, म्हणजे सर, हातात पॅड धरून म्हणतील ते कॉम्बिनेशन, म्हणजे ठोशांची साखळी, न अडखळता मारायचे, पंचिंग बॅगवर सहा राउंड सहज काढायचे. स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, बहुतेक मुलांबरोबर व्हायचं आणि त्यातही माझं बरं चालायचं. पण स्पारिंगमधली ती चार-पाच माणसं मला पाठ होती. अमक्याचा डावा खांदा हलला की हुक, म्हणजे बाजूने वळून येणारा ठोसा, येणार, तमका दोन जॅबनंतर, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशांनंतर, थांबतो, तिसरा माझ्यावर जोर लावत नाही. रिंगमध्ये समोर आली ती मला अगदी अनोळखी होती. तिचा खांदा हलायचा आणि काहीच यायचं नाही. मग खांदा न हलता जॅब नाकावर बसायचा.

नंतर व्हिडिओ पाहिला तेव्हा एक गोष्ट कानाला जाणवली. ठोसा मारताना आम्ही दातांतून ‘फस्’ असा श्वास सोडतो, पहिल्या आठवड्यापासून ती सवय लावतात. व्हिडिओत पहिल्या मिनिटभर तिचं फस् फस् ऐकू येतं, माझं एकदाही नाही. मी श्वास कोंडून लढत होते. दुसऱ्या राउंडला हात भिजलेल्या गोधडीसारखे जड झाले आणि मला वाटलं, माझा दम कमी पडला. दम होता की. सोडायचाच राहिला होता.

आणखी एक फरक ग्लोव्ह्जचा. जिममध्ये आम्ही 16 औंसांचे ग्लोव्ह्ज घालून स्पारिंग करायचो. ते उशीएवढे मोठे, दोन्ही हात चेहऱ्यासमोर धरले की मागे लपता येतं. लढतीत माझ्या वजनाला 10 औंसांचे मिळतात. तोच गार्ड धरला तरी मधून फट राहते आणि फटीतून ठोसा आत येतो. हे सरांनी दहा वेळा सांगितलं होतं. कळलं नाकाला.

आमच्या सरांकडे एक लांबोडकी वही आहे. प्रत्येकाच्या नावाचं पान, त्यावर तारीख, किती राउंड, कशाचे आणि शेवटी एखादी ओळ. त्या पदकानंतर त्यांनी माझं पान उघडून दाखवलं. स्पारिंगचे राउंड 212. लढतीचे राउंड 6. मी ते दोन आकडे बघितले आणि माझं निदान मी स्वतःच करून टाकलं: मला लढती हव्यात, खूप लढती.

या नादात मी जुन्या बॉक्सरांची रेकॉर्डं वाचायला लागले. हॅरी ग्रेबने 1919 या एका वर्षात 45 लढती केल्या. हेन्री आर्मस्ट्राँग 1937 मध्ये 27 लढला आणि 27 जिंकला. त्यातल्या 26 नॉकआउट, आणि पुढच्या वर्षी एकाच वेळी तीन वजनगटांचा विजेता. विली पेपच्या नावावर एकूण 241 लढती. सगळ्यात आवडलं ते शुगर रे रॉबिन्सनचं. 5 फेब्रुवारी 1943 ला तो जेक लामोटाकडून हरला, 19 तारखेला दुसऱ्याच कुणाशी लढला आणि 26 तारखेला त्याच लामोटाला हरवलं. एकाच महिन्यात! मी हे सरांना ऐकवलं. “बघा, तीन आठवड्यांत चूक सुधारली.”

“त्याच्या आधी किती लढला होता?” त्यांनी विचारलं.

मी पाहून आले होते. 40 व्यावसायिक लढती, सगळ्या जिंकलेल्या. हौशी काळातल्या वेगळ्या.

“मग त्याला सुधारायला काय लागलं असेल? एखादं पाऊल इकडचं तिकडे. तुला अजून उभं राहायला शिकायचंय.” आणि जरा थांबून म्हणाले, “पेपचं नाव तुला माहितीये. त्याच्यासारखेच आठवड्याला लढलेले आणि पंचविशीत जीभ जड झालेले किती होते, त्यांची नावं कुणी लिहून ठेवली?” मारामुळे बॉक्सरच्या मेंदूला होणाऱ्या इजेवर हॅरिसन मार्टलँड या डॉक्टरने 1928 मध्येच लिहिलं होतं, म्हणजे ग्रेब-आर्मस्ट्राँग यांच्याच काळात. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी सरांचं बोलणं मला आडमुठेपणाचं वाटलं.

शेवटी माझा हट्ट आणि त्यांचा संयम यांच्यात माझा हट्ट जिंकला. दुसऱ्या वर्षी त्यांनी ओळखीच्या प्रशिक्षकांशी बोलून जिम-जिमच्या छोट्या लढती ठरवायला सुरुवात केली आणि स्पर्धाही जवळजवळ सगळ्या घेतल्या. साडेपाच महिन्यांत मी 11 लढती खेळले.

पहिल्या चार लढतींत जे झालं ते मी आजही कुणाला पटवून देऊ शकत नाही, इतकं भरभर झालं. पहिलीत श्वास सुटला. दुसरीत समोर डावखुरी आली. तिचा उजवा पाय पुढे, माझा डावा. दोघींचे पुढचे पाय एकमेकींच्या पायात यायचे. एका राउंडमध्ये चार वेळा माझा पाय तिच्या पायावर पडला. दुसऱ्या राउंडला केव्हातरी माझा डावा पाय तिच्या पायाच्या बाहेरच्या बाजूला पडला आणि माझा सरळ उजवा हात मोकळ्या वाटेने तिच्या हनुवटीपर्यंत गेला. हेच सरांनी खडूने जमिनीवर पावलं काढून शिकवलं होतं आणि मी ते डोक्यात ठेवलं होतं, एखाद्या पाढ्यासारखं. त्या ठोशाने ते पायात उतरलं. तिसऱ्या लढतीत पहिल्यांदा जिंकले. चौथीत दोन राउंडमधल्या विश्रांतीत कॉर्नरवर बसल्यावर सर काय बोलतायत ते शब्दन् शब्द ऐकू आलं. यापूर्वी त्या एका मिनिटात मला फक्त पाण्याची बाटली दिसायची.

म्हणजे माझं निदान बरोबर होतं, असं मी समजले. इथे माझा अंदाज साफ चुकला.

पाचव्या-सहाव्या लढतीपासून मला जिंकायची एक युक्ती सापडली होती. अर्धं पाऊल मागे जायचं, ती पुढे झेपावते, तिचा जॅब हवेत जातो आणि माझा उजवा बसतो. चालत होतं, म्हणून तेच केलं. दर लढतीला तेच. बाकी ज्या गोष्टी मी वर्षभर घासल्या होत्या, अंगावरचे ठोसे, डावा हुक, जवळून लढणं, त्या एकेक करून गळून पडल्या. लढतीत नवं करून बघायची हिंमत होत नव्हती आणि तालमीत नवं शिकायला दिवसच नव्हते. शनिवारी लढत. रविवारी अंग दुखतंय. सोमवारी हलकं पळणं. मंगळवार-बुधवारी जरा पॅड, तेही उजव्या हाताची बोटं सुजलेली असली तर डाव्यानेच. गुरुवारपासून वजनाची काळजी. आठवड्यात खरी म्हणावी अशी तालीम दीड दिवस. नोंदीत मात्र विजय वाढत होते आणि मी खूश होते.

सरांच्या वहीत त्या काळातली माझी शेवटची ओळ मी नंतर वाचली. ‘जॅबनंतर डावा खाली येतो.’ पुढच्या लढतीनंतर परत: ‘जॅबनंतर डावा खाली.’ त्याच्या पुढच्यावेळी नुसतंच ‘डावा.’ मग दोन वेळा फक्त वरच्या ओळीची खूण, तीच ती, या अर्थाची. पाच लढती, एक चूक. त्यांनी मला प्रत्येक वेळी सांगितलंही होतं. मी मान डोलवायचे. चूक माहीत असणं आणि ती सुधारायला वेळ मिळणं यांत मोठं अंतर आहे आणि मी ते अंतरच शिल्लक ठेवलं नव्हतं.

अकराव्या लढतीत समोर जी होती तिच्या प्रशिक्षकाने बहुधा माझ्या आधीच्या लढती पाहिल्या असाव्यात. माझा जॅब परत येताना कमरेकडून वळसा घेऊन यायचा. ती त्याचीच वाट बघत होती. पहिल्यांदा तिचा उजवा माझ्या डाव्या हातावरून आला तेव्हा रेफरीने आठपर्यंत मोजलं. मी ठीक होते. दुसऱ्या राउंडला अगदी तोच ठोसा, तसाच, पुन्हा मोजणी. त्यानंतर मी रागाने पुढे गेले आणि तिसऱ्यांदा तोच खाल्ला. रेफरीने लढत थांबवली. पडले नव्हते, शुद्ध गेली नव्हती. “मला काही झालेलं नाही,” असं मी रेफरीला, डॉक्टरांना, सरांना, हातपट्ट्या कापणाऱ्या मुलीलाही सांगितलं. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली, दोन-चार प्रश्न विचारले आणि माझ्या रेकॉर्ड बुकात लिहिलं: डोक्याला ठोसे लागून लढत थांबवली, 30 दिवस बंदी.

हा नियम पूर्वी मला जाच वाटायचा. डोक्याला मार बसून लढत थांबली की किमान 30 दिवस लढत नाही आणि स्पारिंगही नाही. तीन महिन्यांत दुसऱ्यांदा झालं तर तीन महिने. वर्षात तिसऱ्यांदा झालं तर वर्षभर. आपल्याला बरं वाटतंय की नाही हे विचारतच नाहीत, कारण बॉक्सरला नेहमी बरंच वाटत असतं.

पहिला आठवडा पूर्ण सुट्टी. दुसऱ्यात चालणं, मग दोरीवरच्या उड्या. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर शॅडो, म्हणजे समोर कुणी नसताना हवेत ठोसे. जिमच्या आरशावर सरांनी माझ्या गालाच्या उंचीला काळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा लावला. जॅब मारायचा, मूठ त्याच रेषेत परत आणायची, आरशात ती त्या तुकड्यावर दिसली पाहिजे. खांदा हनुवटीला घासला पाहिजे. एवढंच. तीन मिनिटं, मिनिटभर विश्रांती, परत तीन मिनिटं. अर्ध्या वेगाने. पहिल्या दिवशी मी मोजलं तर दहातले सात जॅब तुकड्याच्या वीतभर खाली परत येत होते. इतके दिवस मी काय करत होते, असं वाटून लाज वाटली. हळू मारताना चूक दिसते, जोरात मारताना ती आवाजात लपते. बॅग तर फारच लबाड. तिला फक्त जाणारा हात कळतो, परत येणारा हात तिच्या खिजगणतीत नाही.

महिना सरल्यावर, परवानगी मिळाल्यावर पॅडचं काम सुरू झालं. मी जॅब मारला की सर दुसऱ्या हातातलं पॅड माझ्या गालाकडे हलकेच फिरवायचे. हात घरी पोहोचला असेल तर पॅड ग्लोव्हवर बसून ठप्प आवाज व्हायचा. नसेल तर गालावर गिलगिलीत चापट. न बघताही जिमभर कळायचं माझं काय चाललंय. मुलं लांबून मोजायची.

स्पारिंगची पद्धतही याच काळात बदलली आणि माझ्या मते खरा फरक तिथे पडला. आधी आम्ही आठवड्यातून तीनदा मोकळं स्पारिंग करायचो, अगदी लढतीसारखं, कुणी कुणाला सोडायचं नाही. त्याला आम्ही मेहनत म्हणायचो. त्यात मार लढतीइतकाच आणि शिकणं तालमीपेक्षा कमी, कारण मार पडायला लागला की माणूस जे येतं तेच करतो. आता मोकळं स्पारिंग दोन आठवड्यांतून एकदा, बाकी सगळं अटीचं. आज दोघींनी फक्त जॅब. आज ती हल्ला करणार, तू फक्त पाय वापरायचे. आज तू रिंगच्या दोरीला पाठ लावून उभं राहायचं आणि तिथून निघायचं. जोर निम्मा. मला सुरुवातीला हे लुटुपुटुचं वाटलं. पण एका राउंडमध्ये जॅबला जॅब असे साठ-सत्तर प्रसंग मिळतात, लढतीत चार मिळतात.

रेकॉर्डं वाचायची सवय सुटली नव्हती, पण आता वेगळं दिसायला लागलं. माइक टायसन 1985 या पहिल्या व्यावसायिक वर्षात 15 वेळा लढला, असं सगळे सांगतात. त्यातल्या 11 लढती पहिल्याच राउंडमध्ये संपल्या होत्या. लढती 15, पण रिंगमधली मिनिटं किती? युक्रेनच्या वासिल लोमाचेन्कोने हौशी काळात 396 लढती जिंकल्या आणि एकच हरला. तरी 2014 मध्ये दुसऱ्याच व्यावसायिक लढतीत ओर्लांडो सालिडोने त्याला हरवलं. सालिडो वजनातही बसला नव्हता, अंगावर येऊन, कंबरेखाली मारत, 12 राउंड लढला. ते तीन राउंडच्या लढतींत लोमाचेन्कोला कुणी शिकवलं नसणार. तीन महिन्यांनी पुढच्याच लढतीत तो विश्वविजेता झाला. अमेरिकेच्या क्लॅरेसा शील्ड्सचं तर मला घरच्यासारखं कौतुक. हौशी रेकॉर्ड 77 विजय, 1 हार. ती हार 2012 च्या जागतिक स्पर्धेत सवाना मार्शलकडून झाली, त्याच वर्षी शील्ड्सने ऑलिम्पिकचं सुवर्ण घेतलं आणि मार्शलला व्यावसायिक रिंगमध्ये हरवलं ते थेट 2022 मध्ये. रॉबिन्सनला परतफेडीला 21 दिवस पुरले, तिला दहा वर्षं थांबावं लागलं. तेवढ्या वर्षांत तिला काही कमी शिकायला मिळालं, असं मला तरी वाटत नाही.

तिसऱ्या वर्षी सरांनी माझं कॅलेंडर स्वतः भरलं. तीन-चार आठवडे एकाच गोष्टीवर काम, मग एक लढत किंवा लागोपाठ दोन, मग आठवडाभर फक्त व्हिडिओ आणि हलकी तालीम, आणि त्यात जे सापडेल ते पुढच्या तीन आठवड्यांचं काम. वर्षात लढती झाल्या नऊ. आदल्या वर्षापेक्षा कमी, पण मधल्या दिवसांना काहीतरी नाव होतं. ऑक्टोबरातला ‘जॅबचा महिना’, नंतरचा ‘दोरीवरून निघायचा महिना’. एकदा हे अंतर जास्तच ताणलं गेलं. दोन लढती रद्द झाल्या आणि 11 आठवडे गेले. त्यानंतरच्या लढतीत पहिला राउंड मी परत पूर्वीसारखी बहिरी होते, कॉर्नरमधलं काही ऐकू येईना. तेव्हा फार अंतरही मला मानवत नाही. तीन ते पाच आठवडे, माझं माप हे. आमच्याच जिममधला एक मुलगा दोन महिन्यांतून एकदाच लढतो आणि दर वेळी नवाच होऊन येतो. दुसऱ्या एकाला लढत लांबली की झोप लागत नाही.

वर्षअखेरच्या स्पर्धेत गटात तेरा नावं आली. पाच दिवसांत चार लढती. त्या पाच दिवसांत काही शिकता येत नाही, सुधारताही येत नाही. जे अंगात आहे तेवढंच घेऊन रोज वजनकाट्यावर उभं राहायचं. पहिल्या तीन जिंकले. अंतिम लढत पाचपैकी तीन पंचांनी तिला दिली, दोघांनी मला. व्हिडिओ मी त्याच रात्री तीनदा पाहिला. तिच्या उजव्या हाताचे ठोसे माझ्या डाव्या ग्लोव्हवर बसत होते. एक, दोन, पाच, सात. लढताना मला त्यातला एकही आठवत नव्हता. हात आपला आपण परत येत होता, मला न विचारता.

मात्र तिसऱ्या राउंडमध्ये तिने मला तीन वेळा एकाच कोपऱ्यात नेलं, आणि तिन्ही वेळा मी उजवीकडेच निघाले, सरळ तिच्या हुकात. हे मी सरांना सकाळी सांगायचं ठरवलं होतं. बसमध्ये त्यांच्या शेजारी बसले तर वही मांडीवर उघडीच होती. डाव्याबद्दल एक अक्षर नाही. तारखेपुढे लिहिलं होतं: ‘कोपऱ्यातून फक्त उजवीकडे निघते. डावीकडे?’ आणि त्याखाली पुढच्या लढतीची तारीख, 26 दिवसांनंतरची.